बत्तिसावी कॉट

४ जुलै

वसतिगृहाची एक अधिकृत नोंदवही आहे. किती मुली हजर, कोणाला ताप, कुठला नळ गळतोय, दिवे किती वाजता घालवले, सगळं तिच्यात जातं. शनिवारी ती प्राचार्यबाईंकडे जाते आणि सोमवारी हिरव्या शाईतले शेरे घेऊन परत येते. ही वही मात्र कुठे जाणार नाही. इस्त्रीच्या चादरींखाली राहील. तिथे सरांचा हात सात जन्मांत पोचायचा नाही.

सर म्हणजे माझा नवरा. तो इथे खेळ शिकवतो. येऊन महिना झाला, सगळं आवार त्याला 'सर' म्हणतं, तेव्हा मलाही तीच सवय लागली. मी मॅडम. धाकट्या मुलींच्या या वसतिगृहाचे आम्ही दोघं गृहपालक, म्हणजे अकरा ते तेरा वर्षांच्या एकतीस मुलींचे नेमलेले आईबाप. आमची आधीची शाळा बंद पडली. राहतं घर तिच्याच आवारात होतं, त्यामुळे नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी गेलं. इथे दोन्ही एकदम मिळालं. तक्रारीला जागा नाही.

जागा तशी कशालाच नाही. दोन खोल्या आणि एकच दार. ते मुलींच्या दोन दालनांमधल्या पॅसेजमध्ये उघडतं. दूध आणायला जायचं तरी आधी केस विंचरायचे, चेहरा मॅडमचा करायचा आणि मग कडी काढायची. दिवसभर दार बंद ठेवायचं नाही असा नियम आहे. गेटबाहेर जायचं तर सही, परत आल्यावर सही. एक रविवार सोडून एक रविवार सुट्टी.

९ जुलै

लेक अकरा वर्षांची झाली. आज प्राचार्यबाईंनी बोलावून सांगितलं, "आता ती दालनात झोपेल. कर्मचाऱ्यांची मुलं आईबापांच्या खोलीत राहिली की बाकीच्यांना वाटतं, यांचं ताट वेगळं." मला पटलं. नियम सगळ्यांना सारखाच हवा. खिडकीशेजारी बत्तिसावी कॉट लावून घेतली.

लेकीने गादी स्वतः उचलून नेली. दारापासून तिची कॉट चौदा पावलं आहे, मी मोजली. तिने विचारलं, "आता तुला काय म्हणू?"

"सगळ्यांसमोर मॅडम. रविवारी चार ते पाच आमच्याकडे चहाला येशील तेव्हा आई."

"आणि मध्येच काही झालं तर?"

"बाकीच्या मुली जे करतात तेच करायचं. दारावर टकटक करायची आणि थांबायचं."

तिने गादी सरळ केली. मग म्हणाली, "ठीक आहे, मॅडम." आम्ही दोघी हसलो.

२१ जुलै

लेक छान रुळतेय. आज चहाला आली तेव्हा बोलण्याला खंड नव्हता. सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळ्या 'शिडी' म्हणतात, ती दालनाची पुढारी. तिच्याकडे म्हणे मोबाइल आहे, गादीच्या शिवणीत लपवलेला. सगळ्या पांघरुणात घुसून गाणी ऐकतात, एकेकीला एकेक गाणं. "मलाही एक मिळालं," लेक म्हणाली. मी विषय बदलला. तिला कळूही दिलं नाही की मी कान टवकारलेत.

२३ जुलै

गाद्या उन्हात टाकायचं निमित्त काढलं आणि मोबाइल सापडला. संशयाला जागाच ठेवली नाही, सगळ्यांच्याच गाद्या तपासल्या. प्राचार्यबाईंनी हिरव्या शाईत 'उत्तम' लिहिलं. शिडीला महिनाभर घरी फोन करायचा नाही अशी शिक्षा झाली. रडली नाही ती. नुसतं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

एकतीस मुलींवर लक्ष ठेवणं म्हणजे ओंजळीत पारा धरणं. पण लेक आत आहे म्हटल्यावर निदान कशाची तरी चाहूल लागते. सरांना तसं म्हटलं तर ते बुटाची नाडी बांधत बसले. मग म्हणाले, "तिला विचारत जाऊ नकोस."

"मी कुठे विचारते? ती आपणहून सांगते."

"मग ऐकत जाऊ नकोस."

आईने लेकीचं ऐकायचं नाही?

४ ऑगस्ट

धुण्याच्या खोलीच्या खिडकीचा गज निघतो आणि मुली दुपारी त्यातून मागच्या बागेत जातात, हे आज चहाच्या वेळी कळलं. लेक सांगून गेली आणि मग एकदम म्हणाली, "हे तू कोणाला सांगू नकोस हं, आई." मी म्हटलं, छे. पण उद्या कोणी त्या गजाला अडकून पडलं तर जबाबदार मीच ना? सुताराला बोलावून गज बसवून घेतला. कोणाचंही नाव घेतलं नाही, कोणाला शिक्षा केली नाही. म्हणजे मी शब्द मोडला असं नाही म्हणता येणार.

१८ ऑगस्ट

लेकीला टोपणनाव मिळालंय. सगळ्या तिला 'बातम्या' म्हणतात. सकाळच्या सभेत ती आठवडाभर बातम्या वाचत होती, त्यावरून असणार. टोपणनाव मिळालं म्हणजे मुलगी कळपात आली. मी सरांना सांगितलं, ते बूट पुसत बसले.

चहाला ती फारसं बोलली नाही. मोठी होतेय. आल्यापासून घड्याळाकडे बघत होती आणि पाच वाजायला दहा मिनिटं असतानाच उठली. मी विचारलं, मैत्रिणी वाट बघतायत वाटतं? तर हो म्हणाली.

२९ ऑगस्ट

लेकीच्या स्लिपर दुसऱ्यांदा हरवल्या. आज फरशीवर अनवाणी फिरताना दिसली. चारचौघींत कानउघाडणी केली, कारण परवाच दुसऱ्या एका मुलीला त्याच गोष्टीसाठी बोलले होते. पोटची म्हणून सूट नाही. स्वेटरवरही शाई सांडलीये, पाठीवर. पाठीवर शाई कशी सांडते देव जाणे. लहानपणापासूनच वेंधळी आहे.

एक गोष्ट बघून मात्र बरं वाटलं. जेवणाच्या टेबलाच्या टोकाला ती एकटी बसते आणि सगळ्यांच्या आधी उठून ताटं गोळा करायला लागते. कोणी सांगितलेलं नाही. जबाबदारीची जाण आलीये.

१२ सप्टेंबर

नर्सबाईंनी हटकलं. "तुमची मुलगी या महिन्यात पाच वेळा आली. पोट दुखतं म्हणते. मला तर पोटात काही सापडत नाही." मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "दोन तास पडून राहते, पुस्तक वाचते, बरी होते. इथे तिला कोणी त्रास देत नाही."

मी म्हटलं, काही नसेल तर परत पाठवत जा. माझी मुलगी म्हणून लाड नकोत. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. चांगली बाई आहे, पण शिस्तीला जरा मऊच.

१३ सप्टेंबर

आज मला धाप लागली. काही कारण नाही. दार उघडं, पॅसेजमधून मुलींचं येणंजाणं, कोणीतरी टकटक करतंय, बटण तुटलं, वही सापडत नाही, हिने मला ढकललं. आणि मी खुर्चीवर बसून आत घेतलेला श्वास बाहेर सोडायचंच विसरले. तीन महिने झाले, एकदाही एकटी नाही. आणि सोबतही कोणाची नाही. सर सकाळी मैदानावर जातात, त्यांच्या डोक्यावर निदान आभाळ असतं. माझ्या डोक्यावर पंखा आणि त्याच्या वर मोठ्या मुलींचं वसतिगृह, तिथल्या बाकांची सरकासरकी.

२२ सप्टेंबर

सुट्टीचा रविवार. धाकट्या बहिणीकडे गेले. तिच्या घराला पुढचं दार आहे आणि मागचंही. मी दोन्ही दारांनी उगाच आतबाहेर केलं. ती हसायला लागली. मग हसायची थांबली.

"तू ते सोडून का देत नाहीस? वरची खोली रिकामी आहे. पोरीला इथल्या शाळेत घालू. रोज घरी येईल."

"गृहपालक जोडीनेच नेमतात. मी सोडलं की सरांचीही गेली. आणि लेकीची जागाही."

"म्हणजे एकीच्या पायात तिघांच्या बेड्या."

धाकटी असून हिला असं बरोबर नेमकं सुचतं.

२७ सप्टेंबर

प्राचार्यबाईंना पत्र दिलं. सरांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "मला इथे आवडतं. पण तुझा चेहरा बघवत नाही. दे." एवढंच. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस वाक्य कधी पुरं करेल याची मी अजून वाट बघतेय.

प्राचार्यबाई म्हणाल्या, बदली जोडी मिळेपर्यंत थांबावं लागेल, महिनाभरात कळवते. लेकीला अजून सांगितलेलं नाही. रुळलेल्या पोरीला उपटून न्यायचं म्हणजे जिवावर येतं.

७ ऑक्टोबर

काल माझी सुट्टी होती, बहिणीकडे राहिले. आज सकाळी आठला परतले तर वसतिगृहात गोंधळ. पॅसेजच्या टोकाला छताजवळ पितळी घंटा टांगलेली आहे. सकाळी सर दोरी ओढतात आणि सगळ्या उठतात. आज दोरी ओढली तर आवाजच नाही. घंटेच्या आतला लोलक कोणीतरी काढून नेलाय. काल दिवे घालवतानाची घंटा वाजली होती, म्हणजे चोरी त्यानंतरची. बत्तीस मुली पाऊण तास जास्त झोपल्या, सभा बुडाली. मुलींच्या चेहऱ्यांवर असा आनंद मी इथे आल्यापासून पाहिला नव्हता.

प्राचार्यबाई स्वतः आल्या. "संध्याकाळपर्यंत नाव कळलं नाही तर सोळा तारखेची सहल रद्द. सगळ्यांची."

दुपारभर दालनात अळीमिळी गुपचिळी. पाच वाजता सगळ्यांना पॅसेजमध्ये रांगेत उभं केलं. सर माझ्या शेजारी होते. मी म्हटलं, जिने केलं तिने पुढे यावं.

लेक पुढे आली.

"मी काढला, मॅडम."

मला आधी ऐकूच आलं नाही. तिने परत सांगितलं. लोलक कुठेय विचारलं तर म्हणाली, बागेतल्या हौदात टाकला. का, विचारलं तर म्हणाली, "उठायचा कंटाळा आला."

बत्तीस जणी, म्हणजे एकतीस, माझ्याकडे बघत होत्या. शिडी तर डोळ्याची पापणीही हलवत नव्हती. मला कळलं की आता मी जे बोलेन त्यावर इथली माझी सगळी पत ठरणार. मी बोलले. खूप बोलले. घरात हेच शिकवलं का, आईबापांचं नाक कापलंस, असंही काहीतरी. मग शिक्षा सांगितली: सहल बंद, चार रविवार चहा बंद, आणि पंधरा दिवस सगळी बेसिनं आणि न्हाणीघर रोज एकटीने घासायचं. इतकी शिक्षा मी कोणालाच केली नव्हती.

सर फरशीकडे बघत उभे होते. एकदा तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं, मिटलं. मी थांबल्यावर कोणाशी न बोलता मैदानाकडे निघून गेले.

लेक रडली नाही. खरं तर मला वाटलं, तिला बरं वाटलंय. पण हे काय लिहितेय मी.

९ ऑक्टोबर

नोंदवहीत हिरव्या शाईत: 'स्वतःच्या मुलीबाबतही पक्षपात नाही. इतरांनी आदर्श घ्यावा.' वाचून आनंद व्हायला हवा होता.

हौद उपसला. लोलक नाही सापडला.

११ ऑक्टोबर

न्हाणीघराजवळून जाताना आतून हसण्याचा आवाज आला. लेक घासत होती आणि शिडी उलट्या बादलीवर बसून काहीतरी सांगत होती. मी दिसताच दोघी गप्प. शिडी उभी राहिली, "मी पाणी प्यायला आले होते, मॅडम." पाणी दुसऱ्या टोकाला असतं. मी म्हटलं, पी आणि जा.

जेवायला लेक टेबलाच्या मध्यावर होती. दोन्हीकडून तिला कोपर लागत होतं इतकी दाटी. तिचं टोपणनावही बदललंय. आता तिला 'लोलक' म्हणतात.

१२ ऑक्टोबर

आठवड्याची सही करायला नर्सबाईंनी आजारी मुलींचं रजिस्टर पाठवलं. मी न वाचता सही करते. आज शाई वाळायची वाट बघत होते म्हणून नजर गेली. सहा तारीख, रविवार. लेकीचं नाव. आत: संध्याकाळी सात. बाहेर: सोमवार सकाळी साडेसात. शेरा: पोटदुखी, रात्रभर ठेवली, दाराला आतून कुलूप.

मी रजिस्टर घेऊन नर्सबाईंकडे गेले. चूक तर नाही ना विचारलं. "चूक कशी? मी स्वतः तिच्या शेजारी झोपले होते. सरांना कळवलंही होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी हौद उपसत बसले होते.

सर मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होते. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग त्या वेळी बोलला का नाहीस? मी तिला सगळ्यांसमोर..."

"बोलणार होतो. तिने माझ्याकडे पाहिलं." चुन्याची बादली खाली ठेवून म्हणाले, "तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं होतं. नाही कसं म्हणू?"

"काय मागितलं?"

"तेच तिला विचार. पण आई म्हणून विचार."

१४ ऑक्टोबर

प्राचार्यबाईंनी बोलावलं. बदली जोडी मिळाली. एकतीस तारखेला आम्ही मोकळे. मी आभार मानले आणि जिना उतरले. बहिणीला फोन केला. ती वरची खोली झाडायला घेते म्हणाली.

घंटेला नवा लोलक बसवला. जुना कोणी काढला असेल हे कळायला फार अक्कल लागत नाही. स्टुलावर चढून छताला हात पुरेल अशी इथे एकच मुलगी आहे.

१६ ऑक्टोबर

सगळ्या सहलीला गेल्या, सरही. बस सुटली आणि इमारत एकदम इतकी शांत झाली की मला माझ्याच पावलांची भीती वाटली. मी दार बंद केलं. उघडलं. परत बंद केलं. मग लेकीला शोधायला गेले.

ती न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. मी म्हटलं, "राहू दे. आज कोणी नाही. चल, आपण दोघी बाहेर जाऊ."

"त्या आल्यावर बघतील, घासलंय का."

"मी घासते, तू बस."

"नको. आई, तू आत येऊ नकोस."

तर मी बाहेर पॅसेजमध्ये बसले, भिंतीला टेकून. फरशी गार होती. आतून ब्रशचा आवाज येत होता. मी सांगितलं की मी रजिस्टर पाहिलं. ब्रश थांबला.

"तू कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"खरंच नाही? गजाचं पण तू नाही म्हणाली होतीस."

ब्रश परत सुरू झाला. थोड्या वेळाने ती आपणहून बोलायला लागली, ब्रशच्या तालावर, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल सांगतेय. बातम्या हे नाव सभेवरून पडलं नव्हतं. ती दालनात आली की एकजण शीळ घालायची आणि सगळ्या बोलायच्या थांबायच्या. अडीच महिने तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. स्लिपर हरवल्या नव्हत्या. शाई सांडली नव्हती. टेबलाच्या टोकाला ती आवडीने बसत नव्हती.

"तू मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू त्यांना शिक्षा केली असतीस. मग मी अजूनच बातम्या."

"टकटक करायचीस. मी थांबवलं असतं सगळं."

"एकदा केली होती. तू म्हणालीस, स्लिपर कुठायत."

ते मला आठवलंही नाही.

मग मी एकतीस तारखेचं सांगितलं. मावशीचं घर, वरची खोली, रोज घरी. मला वाटलं, ती ब्रश टाकून धावत येईल. ती दारात आली, हात ओले, कोपरापर्यंत साबण.

"आता?"

"हो, पंधरा दिवसांत."

"आता नको ना, आई." आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं, जे त्या संध्याकाळी आलं नव्हतं. "आत्ता कुठे त्या माझ्याशी बोलायला लागल्यात. शिडीने मला शेजारची कॉट दिलीये. तिथे मावशीकडे मला परत पहिल्यापासून करावं लागेल. मला नाही करता येणार परत."

मी म्हटलं, इथे माझा जीव गुदमरतो. हे मी तिला म्हणायला नको होतं. अकरा वर्षांच्या मुलीला काय सांगतेय मी.

तिने ओल्या हाताने माझं मनगट धरलं. "मला माहितीये," ती म्हणाली. "मलापण व्हायचं तसं. पण होते सवय."

आणि ती परत आत गेली, कारण तीन बेसिनं राहिली होती.

१८ ऑक्टोबर

पत्र मागे घ्यायला गेले. प्राचार्यबाई नाराज झाल्या, त्या जोडीला शब्द देऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मग असं धरसोड परत चालणार नाही. मुलगी चौदाची होऊन मोठ्या वसतिगृहात जाईपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, लेखी द्या." सरांनी सही केली, मग मी केली. पेन नीट चालत नव्हतं म्हणून दोनदा गिरवावी लागली.

त्यांनी वर विचारलं, घंटेच्या प्रकरणात मुलीला पश्चात्ताप झालाय का? मी म्हटलं, हो, खूप. शिक्षा कमी करायची का? मी म्हटलं, नको, पुरी होऊ दे.

बहिणीला कळवलं. तिने कारण विचारलं नाही. मग म्हणाली, "खोली झाडलेलीच राहू दे."

१ नोव्हेंबर

शिडीला रोज बघते. नमस्कार मॅडम, हो मॅडम. तिला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे, आणि दोघींचंही तोंड एकाच कुलपाने बंद. काल दालनात खाऊचा वास येत होता, आत न्यायला बंदी आहे त्याचा. मी दारातूनच वळले. सर म्हणाले, तुला वास नाही आला? मी म्हटलं, नाही, नाक बंद आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

चार रविवार संपले. आज लेक चहाला येणार म्हणून मी तीनलाच आधण ठेवलं, मग उतरवलं, मग परत ठेवलं. मनाशी पक्कं केलं होतं की एकही प्रश्न विचारायचा नाही. नुसतं तिला बघत बसायचं.

चार वाजले. सव्वाचारला दारावर टकटक झाली. मी उठून गेले. शिडी उभी होती, धावत आल्यासारखी, केस विस्कटलेले.

"मॅडम, तिने सांगितलंय, ती आज येऊ शकत नाही. आमचा खेळ रंगात आलाय आणि तिच्यावर राज्य आहे. पुढच्या रविवारी येते म्हणाली."

"बरं," मी म्हटलं. "सावकाश खेळा."

पॅसेजच्या पलीकडून एकदम बत्तीस जणींचा गलका उठला. त्यात तिचा आवाज कुठला, ते मला ओळखता आलं नाही. मी दारात उभी राहून बराच वेळ प्रयत्न केला.

सरांनी आतून विचारलं, "कोण होतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि तिसरा कप आम्हा दोघांत अर्धा अर्धा ओतला.